मेनूच्या डोक्यावर तुझा फोटो

काल तुझा फोटो मी काढून टाकला, शिवलीला. सरांनी स्पष्ट नको म्हटलेलं असताना काढला. आज ऑफिसात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. रेखाला काळीजच नाही म्हणतात. ती होती तेव्हा ही रोज तिच्याशी भांडायची, आणि गेल्यावर तिचा फोटोसुद्धा हिला बघवेना, असंही कुणीतरी खाली चहाच्या टपरीवर म्हणालं म्हणे. तू असतीस तर टाळी देऊन हसली असतीस. मला हसू येत नाही. मला राग आलाय, आणि या रागाची वाटणी करायला बसलं तर निम्मा वाटा तुझ्याच नावावर निघेल. म्हणून तुलाच सांगतेय सगळं. मध्ये बोलू नकोस. एवढं एकदा तरी जमव.

तुझ्यामागे लोक तुझ्याबद्दल फारच गोड बोलायला लागलेत. शोकसभेत तर कहर झाला. शांत स्वभाव, सदा हसतमुख, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होते, हे नक्की कुणाबद्दल चाललंय? तू तर सकाळी एकाला दुखावल्याशिवाय डबा उघडत नव्हतीस. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्या धंद्यात तरी खोटी ठरावी असं मला फार वाटत होतं. नाही ठरली.

आपण काय काम करतो हे बाहेरच्याला सांगताना आपली दोघींची नेहमी पंचाईत व्हायची. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. धाराशिवात बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आपली कंपनी, आणि गावोगावच्या दूध संकलन सेंटरवर चालणारा तिचा एकच प्रोग्राम. दुधाचं वजन करा, फॅट बघा, पावती द्या, दहा दिवसांनी बिल काढा. तो कुठं अडला तर काय करायचं हे सांगणारी मदतीची पानं लिहायची, ती वेबसाइटवर लावायची, हे आपलं काम. निम्मी पानं तू लिहिलीस, निम्मी मी. लिहिण्यावरून आपलं कधी वाजलं नाही. वाजायचं ते पान ठेवायचं कुठं यावरून. घरात सुई असतेच, पण बटण तुटल्यावर ती हाताला लागली पाहिजे. आपल्या साइटवर सगळं होतं, आणि कुणाला काही सापडत नव्हतं.

पहिला मेनू मी लावला होता. मास्टर, नोंदी, अहवाल, सेटिंग. प्रोग्राममध्ये जसं आहे तसंच मदतीतही, म्हणजे गोंधळ नको. मला तो फार आवडला होता. तू खुर्ची ओढून बसलीस, वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "लई देखणा झालाय गं. कुणासाठी हाय?"

तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग तूच मला ओढत बेंबळीला घेऊन गेलीस.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. भागवत अण्णांच्या सेंटरसमोर किटल्यांची रांग लागलेली, आणि आपण दोघी भिंतीला टेकून अण्णा काय करतात ते बघत होतो. अण्णांनी आदल्या संध्याकाळची शिफ्ट बंदच केली नव्हती. सकाळचं निम्म्या गावाचं दूध आदल्या संध्याकाळात पडलं. लक्षात आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, मोबाईल काढला आणि आपली साइट उघडली. नोंदी उघडलं, बाहेर आले. सेटिंग उघडलं, बाहेर आले. अहवाल उघडलं. ते पान मीच लिहिलेलं होतं, अगदी सोपं, चित्रांसकट. ते 'सेटिंग'मधल्या 'प्रगत'मध्ये होतं. मागं रांगेतून एक बाई ओरडली, "अण्णा, दूध फाटंल की हो!" अण्णांनी मोबाईलवरच फोन लावला आणि तुझ्या पर्समध्ये रिंग वाजली.

तू फोन उचललास आणि म्हणालीस, "बोला अण्णा. मागं वळा."

सगळी रांग हसली. अण्णाही हसले. तू नाही हसलीस. परतताना जीपमध्ये तू नुसती बाहेर बघत होतीस, मला वाटलं ऊन डोक्यात चढलं. गाव मागं पडल्यावर एकदम म्हणालीस, "सेंटरवाला सकाळी कुलूप काढल्यापासनं काय काय करतोय, तसा मेनू लावायचा. त्याचा दिवस लावायचा. आपला प्रोग्राम गेला खड्ड्यात."

मशीन सुरू करताना. दूध घेताना. पावती देताना. शिफ्ट बंद करताना. दहा दिवसांचं बिल काढताना. आणि 'दूध घेताना'च्या खाली, पहिल्याच ओळीत, 'सकाळचं दूध संध्याकाळात पडलं'. मी म्हटलं, हे काय मथळ्यासारखं वाटतं का, 'शिफ्ट दुरुस्ती' लिहू. तू म्हणालीस, "अण्णा कपाळाला हात लावून काय म्हणले? शिफ्ट दुरुस्ती म्हणले का?"  तो मेनू लागल्यावर तुझा फोन निम्म्यानं थंडावला, आणि तुला त्याचा आनंद झाला. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. लोकांनी आपल्यालाच विचारावं, आपल्यावाचून त्यांचं अडावं, असं वाटणारी माणसं मी ढिगानं बघितलीत. तुला वाटायचं की कुणाला आपली आठवणसुद्धा येऊ नये. पान उघडावं, काम करावं, दूध घ्यावं. तू केलेला मेनू बरोबर होता, शिवलीला. माझ्या मेनूपेक्षा कितीतरी बरोबर होता. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू ते महिनाभर सगळ्यांना सांगत फिरली असतीस.

पण दोन ठिकाणांच्या भांडणात मात्र माझंच खरं होतं आणि अजून आहे. एक पान मेनूत एकाच ठिकाणी असावं, हे माझं म्हणणं. तू तेच पान दोनदोन ठिकाणी लावायचीस. पावती दुरुस्त करायचं पान 'पावती देताना'मध्येही आणि 'बिल काढताना'मध्येही. मी चिडले की म्हणायचीस, "तेरला जायला एकच वाट हाय का? इकडनं बी जाता येतंय, ढोकीवरनं बी जाता येतंय. ज्याला जिकडनं जवळ पडंल त्यानं तिकडनं जावं. तू कोण नाकाबंदी करणारी?" ऐकायला फार छान. पण बाई, तेरला पोचल्यावर माणसाला कळतं आपण कोणत्या वाटेनं आलो. आपल्या मेनूत तो पानावर पोचला की दोन्ही ओळी एकदम निळ्या होतात आणि त्याला कळत नाही आपण कुठं उभे आहोत. हे मी तुला शेवटच्या फोनवरही सांगितलं. तू दवाखान्यात होतीस, आवाज खोल गेलेला, तरी म्हणालीस, "थांब, बरी होऊन येते, मग दाखवते तुला." कुठं आलीस? काय दाखवलंस? असलं अर्धवट भांडण टाकून जायचं असतं का? तू आली असतीस तर मी हरलेसुद्धा असते. नाही, हरले नसते. पण तू यायला हवं होतं.

त्या दवाखान्याचाही राग आहे मला. तापाचं निमित्त, दोन दिवसांत घरी सोडतील, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हातात फोन. मी भेटायला आले तेव्हा कर्नाटकात आळंदकडच्या कुठल्यातरी सेंटरवाल्याशी कानडीत बोलत होतीस. नर्स रागावली तर तिलाही कानडीत काहीतरी सांगून हसवलंस. मी फोन हिसकावून घेतला तर म्हणालीस, "त्येंची पानं कानडीत न्हाईत अजून. मेनूच वाचता येईना तर ते काय करतील? फोनच करतील की." कानडी पानं मी बरी होऊन आले की करू, म्हणालीस. आता ती कोण करणार? मला कानडीत एवढंच येतं, जे तू रोज डबा उघडताना विचारायचीस. ऊटा आयता? जेवलीस का? यावर कंपनीचं कानडी मदत केंद्र चालणार आहे का?

आता फोटोचं ऐक.

तुला आठवतं, मेनूच्या डोक्यावर कुणी बसायचं नाही, हा तुझा नियम? सरांना प्रत्येक सणाला बॅनर लावायची हौस. पोळा झाला, दसरा झाला, नवी आवृत्ती आली, सरांचा वाढदिवस. लावायचं ते साइटच्या अगदी वर. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर काही बिघडत नाही, मेनू डावीकडं असतो. पण सेंटरवाला मोबाईलवर बघतो, आणि तिथं सगळं एकाखाली एक येतं. बॅनर वर, मेनू खाली. तू एकेक करून सगळं काढायला लावलंस. सरांचा वाढदिवस 'आमच्याविषयी'मध्ये पाठवलास. शेवटी गणपती राहिला होता. सर म्हणाले, "अगं, तो विघ्नहर्ता आहे, तो तरी राहू दे." तू म्हणालीस, "सर, विघ्न खाली हाय, पान सापडंना. त्येला खाली उतरवा, म्हणजे हरंल."  सर आठवडाभर तुझ्याशी तुटक वागले, पण गणपती उतरला. तेव्हापासून मेनूच्या वर काही नव्हतं.

आणि तू गेलीस त्याच संध्याकाळी सरांनी तिथं तुला बसवलं.

सर वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. ते खरंच रडले. पण आपल्याकडं माणूस गेलं की ज्याला काही सुचत नाही तो फ्लेक्स लावतो. चौकात लावतो, पेट्रोल पंपासमोर लावतो, आता वेबसाइटवरही लावला. जांभळं आभाळ, खाली कमळ, बाजूला थरथरणारी समई. भावपूर्ण श्रद्धांजली. आधी 'कै.' लिहिलं होतं. तुझा भाऊ म्हणाला आमच्यात 'लिं.', म्हणजे लिंगैक्य, लिहितात, मग ते बदललं, आणि बदलताना फोटो आणखी मोठा केला. फोटो दसऱ्याचा, ज्यात आपण दोघी होतो. मला कापलं. कापताना घाई झाली असावी, कारण तुझ्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. ती माझी. बाकी मी कुठं नाही. आणि तुझ्याखाली 'शोकाकुल'. सर, सरांचे भागीदार, सोलापूरचा डीलर, लातूरचा डीलर, असे सगळे गोल चौकटींतून बघणारे. तुला ओळखणारे त्यात किती होते देव जाणे. त्या सगळ्यांच्या खाली, मोबाईलवर अंगठा दुखेपर्यंत सरकवत गेलं की, तुझा मेनू.

मला पहिले काही दिवस ते दिसलंच नाही. मी साइट उघडतच नव्हते. तुझा फोन सरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि तो वाजत होता. मी म्हटलं, माणसं तुझी चौकशी करायला फोन करत असतील. काही करतही होती. मग भागवत अण्णांचा आला.

"रेखा म्याडम, ते सकाळचं दूध संध्याकाळात पडलेलं पान कुठं गेलं हो?"

"तिथंच आहे अण्णा. दूध घेताना, पहिली ओळ."

"न्हाय जी. इथं तर निस्ता शिवलीला म्याडमचा फोटू हाय."

"फोटोच्या खाली आहे. वर सरकवा."

 मागं किटल्यांचा आवाज येत होता.

"अण्णा?"

"कसं सरकवू म्याडम? त्येंच्या तोंडावरनं बोट फिरवू का? गेलेल्या माणसाच्या? बरं दिसतंय का ते?"

 म्हटलं, कडेला बोट ठेवा. तर म्हणाले, कडेला समई आहे. मग मी फोनवरच सगळं सांगितलं, हे दाबा, ते दाबा, आता हो म्हणा. तू सांगायचीस तसं. फोन ठेवताना अण्णा म्हणाले, "रोज सकाळी हात जोडतो बघा, आन् बंद करतो. पुढं जायचं धाडस हुईना."

अण्णा एकटे नव्हते. मी आलेले फोन आठवून बघितले. मशीन जोडता येईना, पावती छापेना, बिल निघेना. या सगळ्याची पानं तू लिहून, नीट लावून ठेवलेली. साइटवर माणसं येत होती, उघडत होती आणि तशीच बाहेर पडत होती. आपल्या लोकांना शेतातल्या बांधावरून भांडता येतं, पंचायतीत खुर्च्या फेकता येतात, पण मेलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवता येत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी डोकं फुटायची वेळ आली. तुझ्या मेनूच्या डोक्यावर तू स्वतः बसली होतीस, आणि तुला कुणी हलवणार नव्हतं. गणपतीला उतरवणारी बाई, आता तुला कोण उतरवणार होतं?

मी सरांकडं गेले. म्हटलं, फोटो काढू या.

"इतक्या लवकर? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात पान सापडत नाही."

"मग थोडं खाली सरकवायचं. मेनू आहेच की तिथं."

"कुणी सरकवत नाही, सर. तिच्या चेहऱ्यावरून बोट न्यावं लागतं."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "रेखा, तुमचं दोघींचं पटत नव्हतं हे मला माहीत आहे. पण आता तरी सोडून दे."

तुला सांगते, मला त्या क्षणी सरांच्या टेबलावरचा पेपरवेट दिसला आणि मी हात मागं बांधले. आपलं पटत नव्हतं! एका बाकावर बसून डबा खाल्ला, एकमेकींच्या लेकरांची आजारपणं काढली, माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा तू आधी मला जेवायला घातलंस आणि मग 'प्रगत' या शब्दावरून शिव्या दिल्यास. याला पटत नव्हतं म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी म्हटलं, "सर, 'आमच्याविषयी'मध्ये ठेवू या फोटो. पूर्ण पान तिचं करू."

सर म्हणाले, "तिथं कोण जातं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. एवढ्या वर्षांत आपण त्यांना जे शिकवत होतो ते सगळं त्यांना बरोबर कळलं होतं. जिथं कुणी जात नाही अशी जागा कोणती आणि जिथं सगळ्यांची नजर पडते ती कोणती, हे तुझ्या श्रद्धांजलीच्या वेळी त्यांना चोख समजलं. सेंटरवाल्याच्या पानाच्या वेळी कधी समजलं नव्हतं. मी तिथून उठले.

तरी मी लगेच नाही काढला. मला तुझ्या आईची, अव्वांची भीती होती. तुझ्या भावानं त्यांना त्याचा जुना मोबाईल दिलाय आणि त्यात आपली साइट उघडून ठेवलीय, हे मला कळलं होतं. रोज उठल्यावर त्या तुला बघतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. माझी लेक कॉम्प्युटरमधी हाय, म्हणतात. म्हणून मी नळदुर्गला गेले.

ढाब्यांच्या मागच्या तुमच्या गल्लीत शिरले तेव्हा अव्वा म्हशीखाली बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, मानेनंच बस म्हणाल्या. हायवेवरून ट्रक जात होते आणि त्या आवाजात मला मोठ्यानं बोलावं लागलं. असलं मोठ्यानं बोलायचं असतं का? पण सगळं सांगितलं. मेनू म्हणजे काय, तू तो कसा लावलास, फोटो कुठं बसलाय, लोक काय करतात. त्या धारा काढत होत्या. मला वाटलं ऐकूच येत नाही.

मग म्हणाल्या, "किती जण थांबत्यात?"

"सगळा गाव, अव्वा. रांगेत, किटल्या घेऊन."

"ह्या उन्हात?"

"हो."

"मग दूध नासतंय की गं."

त्यांनी बादली म्हशीखालून ओढली.

"काढ," म्हणाल्या. "मी बी सेंटरला दूध घालते. थांबायला लागलं की जीव कसा हुतो मला ठाव हाय." आणि बादली घेऊन आत गेल्या. त्यांचं तोंड मला दिसलं नाही. बराच वेळ आतून भांडी धुण्याचा आवाज येत होता. मग चहा आला, आणि त्यांनी विचारलं, जेवलीस का. कानडीत विचारलं. 

काल मी फोटो काढला. एक ओळ पुसली की झालं, एवढंच काम होतं. जांभळं आभाळ गेलं, समई गेली, शोकाकुल मंडळी गेली, आणि वर आलं: मशीन सुरू करताना. सरांना दुपारी कळलं. त्यांनी दार जोरात लावलं.

आज सकाळी तुझा फोन समोर ठेवून बसले होते. बेंबळीहून फोन आला नाही. 'सकाळचं दूध संध्याकाळात पडलं' हे पान उघडलं गेलेलं मला इथून साइटच्या नोंदीत दिसत होतं. कुणीतरी उघडलं, थांबलं, काम करून गेलं. अण्णा असतील, दुसरं कुणी असेल. तुझं नाव न काढता त्यांचं दूध गाडीत चढलं. हेच हवं होतं ना तुला? हेच ना? मग घे. महिन्याभरात आळंदकडचे सोडून कुणी फोन करणार नाही, आणि वर्षभरात तो मेनू कुणी लावला हे आपल्या ऑफिसातल्या नव्या पोरांनाही माहीत नसेल. याचाही मला राग येतो, आणि तो मी कुणावर काढू हे कळत नाही.

मग फोन वाजला. नळदुर्गचा.

"रेखा, काढलीस व्हय गं?"

"काढला, अव्वा."

"बरं केलीस." मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. "मी सकाळपासनं बघायलेय त्यात. मला लई वाचता येत न्हाय, अक्षरं लावून लावून बघायलेय. मशीन लिवलंय, दूध लिवलंय, पावती लिवलंय. एकेक दाबून बघितले सगळे."

"हो, अव्वा."

"ती कुठं दाबल्यावर येती?"

मला आपला मेनू तोंडपाठ आहे. फोन कानाला धरून मी तो मनात वरून खाली म्हटला, परत खालून वर म्हटला. कुलूप काढल्यापासून कुलूप लावेपर्यंत माणसाला जे जे लागतं ते सगळं तू त्यात ठेवलंस. दोनदोन ठिकाणी ठेवलंस. तू तेवढी कुठंच नाहीस.

"थांबा अव्वा, बघून सांगते," म्हणाले मी.

त्या बरं म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवलेला नाही. बाजूला माझ्या टेबलावर चालूच आहे, म्हशीचं हंबरणं ऐकू येतंय, आणि त्या एकेक बटण दाबून बघतायत.